बहिणीकडे झोपायला जायची बस

आमच्या ओफाकिमच्या बिल्डिंगीत कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाची सून रुसून माहेरी गेली आणि कोणाच्या फ्रीजचा आवाज वाढलाय हे जाणून घ्यायचं असेल तर लोक वर्तमानपत्र उघडत नाहीत, माझं दार वाजवतात. मी मिली. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि चौलकरकाकांची बाल्कनी समोरासमोर आहेत. मध्ये कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या, बस्स. तेव्हा पुढे जे लिहिते आहे त्यात ऐकलेलं थोडं आणि पाहिलेलं जास्त. पदरचं काही घातलंच असेल तर ते चवीपुरतं.

यित्झहाक चौलकर हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे चौलचे, मग ठाण्याचे, आणि साठच्या दशकात इस्राएलला आल्यापासून ओफाकिमचे. इथल्या कापडगिरणीत मागावर जन्म गेला. बायको वारली, मुलगा मेईर गावातच वेगळा राहतो, आणि काका तिसऱ्या मजल्यावर एकटे. सत्तरी उलटल्यावर त्यांच्या डोळ्यांना एक विचित्र दुखणं लागलं. कडेकडेचं सगळं दिसायचं, मधलं तेवढं नाही. जिथे नजर लावावी तिथे बरोब्बर धुक्याचा एक गोळा. त्यामुळे माझा चेहरा बघायचा तर ते माझ्या कानाकडे बघत. सुरुवातीला मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर माझ्या सोन्याच्या कुड्यांवर आहे. मी तसं अमनोनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, निदान कोणी तरी बघतंय ना तुझ्याकडे, खूश राहा.

काकांची त्या धुक्याबद्दल काही तक्रार नव्हती. झोप लागता लागता माणसाला जग जसं दिसतं तसं मला जागेपणी दिसतं, असं ते म्हणायचे. आणि मग हसायचे, जणू सरकारनं त्यांना एखादी सवलतच दिली आहे.

त्यांच्या घरात दिवसभर टीव्हीवर पार्लमेंट चालू असायचं. आमच्या इथल्या पार्लमेंटला क्नेसेत म्हणतात. तिथे मेंबर लोक जे काही बोलत ते एका चॅनेलवर सबंध दाखवत, आणि ते बघणारा अख्ख्या ओफाकिममध्ये हा एकच माणूस असावा. बिल्डिंगीत त्यामुळे काकांचा भलता दरारा. निवडणूक आली की लोक जिन्यात गाठून विचारत, काका, मत कोणाला द्यायचं? काका त्यांच्या कानाकडे बघून गंभीरपणे सांगत, विचार करून द्या. लोक म्हणत, केवढा खोल माणूस.

खरं काय ते फक्त माझ्या खिडकीला ठाऊक होतं. पार्लमेंट सुरू झालं की काकांची मान हळूहळू खुर्चीच्या पाठीला टेके, तोंड उघडं पडे, आणि कुठल्याशा कायद्याचं दुसरं वाचन चालू असताना काका निवांत घोरत असत. पार्लमेंटला सुट्ट्या लागल्या की बिचाऱ्यांचे डोळे तांबारलेले.

मी काही सोडणारी नव्हे. मलबारचं वाटण घालून केलेलं कालवण एका वाटीत घेऊन गेले आणि सगळं काढून घेतलं. तर गोष्ट अशी होती की पार्लमेंट हे नुसतं भागवणं होतं. काकांची खरी झोप किर्यात गातला होती.

किर्यात गातला त्यांची धाकटी बहीण हाना राहते. तीही विधवा, गुडघ्यांनी बेजार. दर मंगळवारी सकाळी आमच्या कोपऱ्यावरून थेट बस सुटायची, ती काकांना हानाच्या घराखाली सोडायची. जेवण व्हायचं. मग काका बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर आडवे व्हायचे आणि हाना आतमध्ये भांडी घासता घासता बोलत राहायची. काकांशी नाही. पातेल्यांशी, गॅसशी, मेलेल्या सासूशी. सगळं चौलच्या मराठीत, एका सुरात, खाडीचं पाणी काठाला लागावं तसं. त्यांची आई अशीच बोलायची म्हणे. त्या आवाजात काकांना जी झोप लागायची ती आठवडाभर पुरायची. काका मला म्हणाले, या देशात मी हिब्रूत काम केलं, हिब्रूत भांडलो, हिब्रूत बायकोला औषधं आणली. पार्लमेंटच्या हिब्रूत डुलकीही लागते. झोप नाही लागत.

आणि त्या वर्षी, म्हणजे १९९९ च्या शरदातल्या सणांनंतर, ती बस बंद झाली. प्रवासी कमी म्हणून. आता किर्यात गातला जायचं तर आधी बेरशेवाला जा आणि तिथे गाडी बदला. बेरशेवाचं स्टँड म्हणजे फलाटांची रांगच रांग, गाड्यांचे नंबर वर पाटीवर, आणि काकांनी पाटीकडे बघितलं की तिथे धुकं. एकदा ते गेले एकटेच, आणि उतरले ते दिमोनाला. सुट्टीवर निघालेल्या एका सैनिक मुलीनं त्यांना घरी आणून पोचवलं. त्यानंतर मेईरनं एकट्यानं जायला साफ बंदी केली. तो स्वतः महिन्यातून एकदा मोटारीनं न्यायचा, पण हानाच्या खुर्चीवर किल्ल्या हातात घेऊनच बसायचा. किल्ल्या खुळखुळवायची सवय आहे त्याला. खुळखुळ्यानं तान्ही बाळं झोपतात. सत्तरीची माणसं नाही झोपत.

माझी मुलगी रिनात पेताह तिक्वाला एका वकिलाच्या ऑफिसात होती. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या सुट्टीला, घरी आली तेव्हा मी तिच्या कानावर घातलं. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते, आमचं हे असंच चालतं. ती म्हणाली, क्नेसेतमध्ये नागरिकांच्या अर्जांसाठी एक वेगळी कमिटीच आहे. कोणीही अर्ज करावा.

काकांना हे खरंच वाटेना. ज्या लोकांच्या आवाजात आपण वर्षानुवर्षं घोरत आलो त्यांच्यापुढे जाऊन उभं राहायचं? पण दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून अर्ज सांगायला सुरुवात केली, "कृतानेक विज्ञापना" पासून, ठाण्याच्या कचेरीत असतात तसा. रिनातनं तो सगळा बाजूला ठेवला आणि हिब्रूत चार ओळी लिहिल्या. वृद्ध प्रवासी, अधू दृष्टी, दवाखान्याची गरज, बस सुरू करावी. काका म्हणाले, पण मी तिथे दवाखान्यात नाही ग जात. यावर रिनात जे बोलली ते मी मराठीत देते. "काका, झोप हे सरकारला चालणारं कारण नाही."

तिकडे हानानं आपला वेगळा अर्ज केला होता, आणखी वरच्या ऑफिसात. बस सुरू झाली तर एलियाहू हन्नावीचा मलिदा करीन, असा नवस बोलून बसली. आमच्या बेने इस्रायल लोकांत अडलं नडलं की एलियाहू हन्नावीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, हाक मारायची आणि काम झालं की गोड पोह्यांचं ताट, नारळ, फळं त्याच्या नावानं मांडायची. क्नेसेतपेक्षा तिचा त्याच्यावर भरवसा जास्त.

फेब्रुवारीत बोलावणं आलं. काकांनी मेईरच्या लग्नातला सूट काढला. डांबरगोळ्यांच्या वासानं अमनोनची व्हॅन यरुशलेमपर्यंत भरून राहिली. वाटेवरचे डोंगर धुक्यात होते. काका म्हणाले, आज तुम्हाला सगळ्यांना माझ्यासारखं दिसतंय वाटतं. आणि खरंच, त्या दिवसाचं माझ्या मनात जे काही उरलंय ते तसंच आहे, कडा स्वच्छ आणि मधलं पुसट.

फाटकावर माझा पुऱ्यांचा डबा अडकला. पहारेकऱ्यानं उघडला, हुंगला, बंद केला आणि ठेवून घेतला. आत एक मोठा दिवाणखाना होता, भिंतीवर छताला टेकतील एवढी विणलेली चित्रं. काका त्यांच्यासमोर उभे राहिले आणि नीट दिसावीत म्हणून भलतीकडे बघू लागले. निळा आहे, म्हणाले, आणि लाल. मी दंडाला धरून ओढलं तेव्हा विचारलं, एवढ्या कापडाला माग केवढा लागला असेल ग? त्याच्यापुढे तर माणूस मुंगीएवढा दिसला असेल.

रिनात पेताह तिक्वाहून परस्पर आली होती. कमिटीची खोली बघून माझी निराशाच झाली. मला वाटलं होतं सिंहासनं असतील. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांच्या बशा, आणि सगळे एकाच वेळी बोलताहेत. अध्यक्ष बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. एका माणसाच्या गल्लीत दिवे नव्हते, तो ओरडत होता. एका बाईच्या खिडकीखाली कोंबड्या होत्या, ती त्याच्यावर ओरडत होती, का ते कळेना, कारण कोंबड्या काही त्याच्या नव्हत्या.

आणि आमचे काका उभे. इथे कोणी बसा म्हणत नाही, आपण खुर्ची ओढायची आणि बोलायला लागायचं. पण काकांच्या अंगात ठाण्याची कचेरी मुरलेली. साहेब बसा म्हणेपर्यंत बसायचं नाही, विचारेपर्यंत बोलायचं नाही. भिंतीला पाठ लावून, हात पुढे बांधून, सुटाबुटात ते असे उभे राहिले की अध्यक्ष बाईंना ते तिथले शिपाई वाटले. बोलता बोलता त्यांनी काकांना पाणी आणायला सांगितलं. मी रिनातला चिमटा काढेपर्यंत काकांनी टेबलावरची बाटली चाचपून उचलली, ग्लासाच्या काठाला बोट लावून अंदाज घेतला आणि एक थेंब न सांडता पाणी ओतून दिलंसुद्धा. वर मान लववली.

मग रिनात उठली आणि म्हणाली, हे अर्जदार आहेत.

बाईंचा चष्मा कपाळावरून खाली आला. त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. वाहतूक खात्याचा एक तरुण अधिकारी आला होता. त्यानं शांतपणे सांगितलं की थेट गाडीला माणसं नव्हती, बेरशेवावरून सोय आहे. रिनातनं दवाखान्याचं काढलं. अधिकारी म्हणाला, यांचा दवाखाना ओफाकिममध्येच आहे, मोठं हॉस्पिटल बेरशेवाला. मग किर्यात गातला कशाला?

रिनात कागद चाळायला लागली. मी तिच्या जागी असते तर तिथल्या तिथे एखादा वैद्य उभा केला असता, रडलेही असते. पण बाईंनी काकांनाच विचारलं, किर्यात गातला तुमचं काय आहे?

काका गिरणीत शिकलेल्या हिब्रूत, सावकाश म्हणाले, "बहीण आहे. तिच्याकडे झोपायला जातो."

कोंबड्यावाली बाईसुद्धा बोलायची थांबली.

काकांनी मग सगळं सांगितलं. कॉट, भांडी, पातेल्यांशी बोलणं. घाई नाही, काकुळती नाही, एखादा माणूस आपल्या गावचा रस्ता सांगतो तसं. एका मेंबरनं विचारलं, घरी नाही का झोप येत? काका म्हणाले, "घरी मी टीव्हीवर तुम्हाला लावतो. डुलकी लागते. पण तुम्ही लोक मध्येच भांडता, मग जाग येते."

खोली हसली. तो मेंबर हसत हसतच म्हणाला, अदोनी, साहेब, सगळ्यात चांगली झोप कशाला लागते तेवढं सांगा. काकांनी विचार केला आणि म्हणाले, "बजेटला."

हसणं ओसरल्यावर बाई जरा वेळ काकांकडे बघत राहिल्या. काका अर्थात त्यांच्या कानाकडे. मग त्यांनी हळूच विचारलं, "काय बोलते ती? तुमची बहीण?"

"काही नाही. मीठ कुठे ठेवलं. झाकण कुठे गेलं. आई असती तर काय म्हणाली असती."

बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. अधिकाऱ्याला म्हणाल्या, आठवड्यातून एक दिवस तरी थेट गाडी सोडून बघा, उन्हाळ्यापर्यंत. अधिकारी म्हणाला, रेगा, रेगा, जरा थांबा, हे इतकं सोपं नाही, गाडी आहे तर ड्रायव्हर नाही, खात्यात विचारून महिन्याभरात कळवतो. बाई म्हणाल्या, बेसेदेर, ठीक आहे. आणि कोंबड्या पुन्हा सुरू झाल्या.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, झालं का काम? रिनात म्हणाली, झालंही नाही आणि गेलंही नाही. ती चिडली होती. जिंकता जिंकता घालवलंत, असं काहीसं हिब्रूत पुटपुटली. काका तिला मराठीतच म्हणाले, "अगं पोरी, तिथे खोटं बोललो असतो तर मंगळवारी झोप कशी लागली असती?" रिनातनं त्यांच्या सुटाची कॉलर नीट केली.

आलोच आहोत तर खरं पार्लमेंटही बघून घेऊ म्हणून चार वाजेपर्यंत थांबलो. पाहुण्यांची गॅलरी वर, पुढे जाड काच. खाली खुर्च्या पुष्कळ आणि माणसं तुरळक. त्या दिवशी कोणत्याही मेंबरनं उठावं आणि मिनिटभर मनात येईल ते बोलावं, असा काही नेम होता. एक जण पाण्यावर बोलला. एक शाळेच्या छपरावर. एक बाई कोणाच्या तरी आठवणीत दोन वाक्यं बोलली आणि खाली बसली. एक मेंबर पेपर वाचत होता, एक नुसता बसून आपल्या हाताच्या रेषा बघत होता. काचेमागून आवाज मऊ होऊन येत होता, पाण्याखालून यावा तसा. मला ते सगळं एखाद्या मोठ्या हौदासारखं वाटायला लागलं. माणसं हळूच तरंगून वर येतात, तोंड उघडतात, मिटतात आणि पुन्हा तळाला जातात.

बाजूला बघते तर काका गेले होते. म्हणजे झोपले होते. आयुष्यात पहिल्यांदा प्रत्यक्ष पार्लमेंटात.

तिथला रखवालदार आला. इथे झोपता येत नाही म्हणाला. मी म्हटलं, झोपलेले नाहीत, डोळे अधू आहेत, ते असंच बघतात. त्यानं काकांच्या उघड्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, निघून गेला.

परतताना व्हॅनमध्ये काकांनी स्वप्न सांगितलं. खाली तेच सभागृह, पण खुर्च्यांऐवजी रेवदंड्याच्या खाडीचं पाणी. ओहोटी लागलेली. अध्यक्षांच्या जागी हाना, सात वर्षांची, परकर वर खोचून, हातात लाकडी हातोडा. मेंबर लोक एकेक करून होडीतून येतात आणि मिनिटभर बोलून उतरतात. कोणी म्हणतो माझं मीठ हरवलं, कोणी म्हणतो माझं झाकण. हाना प्रत्येकाला म्हणते, मांडून ठेवा, बघते. शेवटी तरीवाला विचारतो, आता होडी सोडू का? आणि हाना हातोडा आपटून म्हणते, नाही, माझा दादा यायचाय.

"मग?" मी विचारलं.

"मग तू मला उठवलंस," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण मला उगाच वाटलं की आपण एखाद्याच्या तोंडातला घास काढला.

महिन्याच्या जागी सव्वा महिना झाला. मग रिनातला फोन आला. दर मंगळवारी एक थेट गाडी, प्रयोग म्हणून, उन्हाळ्यापर्यंत. पुढचं पुढे.

आता वाद निघाला नवसाचा. मेईर म्हणाला, ही काही बस सुरू झाली नाही, ही चाचणी आहे. पक्की झाली की मग मलिदा करा. बिल्डिंगीतही दोन पक्ष पडले, आणि ते पडायला मी दोन्हीकडे थोडी मदत केली. हाना फोनवर मला म्हणाली, "एलियाहू हन्नावीला काय उन्हाळ्यापर्यंत ताटकळत ठेवू? बस अर्धी असली तरी ताट पूर्ण होईल." आणि पहिल्याच मंगळवारचा मलिदा ठरवला.

अमनोननं मला सकाळी लवकर किर्यात गातला नेऊन सोडलं. मी पोहे भिजवले, नारळ खवला, वेलची कुटली. हाना एरवी बडबडी, पण त्या दिवशी बाल्कनीतून हलेना. मला तिची तगमग दिसत होती. मेईर मोटारीनं मागोमाग येतो म्हणत होता, तर काकांनी त्याच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि शेजारच्यांकडे ठेवल्या. म्हणजे खरोखरच एकटे निघाले होते.

बस आली, थांबली, एक सैनिक उतरला, पिशव्या घेतलेल्या दोन बायका उतरल्या. दार तसंच उघडं. हानानं कठडा घट्ट धरला. मग आधी एक बूट दिसला, पायरी शोधणारा, मग दुसरा. काका रस्त्यावर उभे राहिले. भिंतीकडे बघत बघत, म्हणजे त्यांच्या हिशेबानं वाटेकडे बघत, सावकाश चालत आले. मी हाक मारणार होते. हानानं माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला नारळाचा वास होता.

शेजारपाजारचे पुरुष जमले, दुवा झाल्या, ताट फिरलं. माणसं पांगली, भांडी आत गेली, काका कॉटवर आडवे झाले. मी मुद्दाम मागे राहिले होते. एवढा खटाटोप ज्यासाठी झाला ती झोप मला माझ्या डोळ्यांनी बघायची होती.

तर हाना गप्प. दादा एवढ्या महिन्यांनी झोपायला आलाय, त्याची झोपमोड होऊ नये म्हणून बाई चवड्यांवर चालतेय, भांडं भांड्याला लागू देत नाहीये. घरात अशी शांतता की काका डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघताहेत.

बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, "हाना, बोल ना."

"काय बोलू रे दादा?"

"ते माहीत असतं तर मीच नसतो का बोललो."

हाना क्षणभर घुटमळली. मग नळ सोडला आणि पातेल्याला म्हणाली, तू रे कुठे होतास इतके दिवस. मग परातीला काही म्हणाली. मग चमचे मोजताना कोणाला तरी रागावली, बहुधा सासूला. आवाज एका लयीत यायला लागला, ना वर ना खाली. मी कान टवकारून दारापाशी खुर्चीत बसले होते, एक शब्द सुटू द्यायचा नाही असं ठरवून. मीठ इथेच तर होतं, हाना म्हणाली. झाकण बघ कसं लपून बसलंय. आई म्हणायची, आई म्हणायची...

जाग आली तेव्हा खोलीत चहाचा वास होता. भावाबहिणीचे कप निम्मे झाले होते आणि काका बूट घालत होते. परतीची बस यायची वेळ झाली होती. मी घाईघाईनं केस सारखे केले आणि काकांना विचारलं, लागली का झोप?

"लागली की, छान लागली," काका म्हणाले. "मग तू घोरायला लागलीस."

हाना कपात बघून हसत होती. काकांनी काठी उचलली, दार उघडलं आणि माझ्या कानाला उद्देशून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मिली, पुढच्या मंगळवारी तू नको येऊस."